घरगाडीची बॅटरी आणि तिचा चार्जर

पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांतील शिशाच्या विद्युत्घटाचें प्रकरण परीक्षा झाली कीं विसरावयाचें, अशी पुष्कळ विद्यार्थ्यांची समजूत असते. परंतु हें प्रकरण नीट न उमगल्यामुळें कित्येक सुज्ञ माणसांस सबंध रात्र थंडींत कुडकुडत काढावी लागते, आणि महागाच्या बॅटऱ्या अकालीं टाकून द्याव्या लागतात. तें कसें, हें एका दूरदेशच्या उदाहरणावरून पाहूं.

अमेरिकेंतील अ‍ॅरिझोना राज्यांत क्वार्टझसाइट नांवाचें एक लहानसें गांव वाळवंटांत वसलेलें आहे. हिवाळा आला कीं उत्तरेकडील हिमप्रदेशांतून हजारों लोक आपापल्या घरगाड्या घेऊन तेथें उतरतात. त्यांत सेवानिवृत्त वृद्धांचा भरणा मोठा. गांवाजवळच्या सरकारी जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळांत परवाना घेऊन दीर्घ मुक्काम करतां येतो. मात्र मुक्कामाच्या जागीं विजेची तार नसते. घरगाडी म्हणजे चाकांवर चालणारें घर. तिच्यांत दिवे असतात, पाण्याचा पंप असतो, आणि थंडीसाठीं गॅसची भट्टीहि असते. भट्टी गॅसवर जळते हें खरें. पण तिची ऊब घरभर खेळविणारा पंखा विजेवर चालतो. वाळवंटांत दिवसा ऊन असलें तरी हिवाळ्यांतील पहांट कडाक्याची असते. अशा वेळीं बॅटरी संपली कीं पंखा थांबतो, आणि पंखा थांबला कीं भट्टीहि बंद पडते. टाकी गॅसनें भरलेली, पण घर मात्र थंडगार! सकाळीं उठून लोक बॅटरीस दोष देतात. वास्तविक दोष बहुधा चार्जरच्या निवडीचा असतो.

ज्या घरगाडीस स्वतःचें एंजिन असतें तिच्यांत दोन प्रकारच्या बॅटऱ्या असतात. एक एंजिन सुरू करण्यासाठीं. ती क्षणभर मोठा प्रवाह देते व लगेच पुनः भरली जाते. दुसरी घरासाठीं, ती तासन् तास थोडथोडा प्रवाह देत बरीच रिकामी होते. आपला प्रश्न या दुसरीचा आहे.

शिशाचा संचायक घट गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं तयार केला. घटांतून वीज घेतली म्हणजे दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांवर शिशाचें सल्फेट सांचतें व गंधकाम्ल पातळ होतें. उलट दिशेनें प्रवाह सोडला कीं सल्फेट विरून आम्ल पुनः तीव्र होतें. बॅटरी बरेच दिवस अर्धवट भरलेलीच ठेवली तर तें सल्फेट कठीण स्फटिकांच्या रूपानें घट्ट बसतें व पुढें विरत नाहीं. याच्या उलट, भरलेल्या बॅटरींत जोरानें प्रवाह सोडीत राहिलें तर पाण्याचें पृथक्करण होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन हे वायु निघतात, पाणी आटतें व पट्ट्या झिजतात. म्हणजे चार्जरच्या हातून दोन अपराध घडूं शकतात : वेळेपूर्वीं थांबणें आणि वेळेवर न थांबणें.

हे दोन्ही अपराध टाळण्यासाठीं चांगला चार्जर तीन पायऱ्यांनीं काम करतो. आपण रांजण भरतों तेव्हां प्रथम घागरीमागून घागर ओततों. पाणी कांठाशीं आलें कीं तांब्यानें हलकेच भरतों. आणि भरल्यावर जेवढें आटेल तेवढेंच घालतों. चार्जरहि तसाच. पहिल्या पायरींत तो आपल्या शक्तीप्रमाणें पूर्ण प्रवाह देतो. दाब सुमारें १४.४ व्होल्ट झाला कीं दुसऱ्या पायरींत तो दाब कायम ठेवतो; मग बॅटरी स्वतःच कमी कमी प्रवाह घेऊं लागते. शेवटीं दाब सुमारें १३.५ व्होल्टांवर उतरवून तो बॅटरी नुसती भरलेली राखतो. जुन्या घरगाड्यांतील साध्या चार्जरांत ही सोय नसे. ते एकाच, सुमारें १३.६ व्होल्टांच्या, दाबानें चालत. जेथें रात्रंदिवस तारेची वीज मिळते तेथें त्यांचें कसेंबसें निभतें. पण वाळवंटांत जनरेटर चालावयाचा दोन-तीन तास! तेवढ्यांत अशा चार्जरनें बॅटरी कधींच पुरी भरत नाहीं, आणि मग वर सांगितलेलें सल्फेटाचें दुखणें जडतें.

तेव्हां चार्जर विकत घेणारानें आपल्या मनाशीं चार प्रश्न विचारावे.

पहिला प्रश्न, बॅटरी कोणत्या जातीची? पाणी घालावयाच्या बॅटरीस, बंद बॅटरीस व लिथियमच्या बॅटरीस निरनिराळे दाब लागतात. हल्लीं घरगाड्यांत लिथियम-लोह-फॉस्फेटाच्या बॅटऱ्या पुष्कळ दिसूं लागल्या आहेत. त्यांस साधारणतः १४.२ ते १४.६ व्होल्टांचा दाब पुरतो. शिशाच्या बॅटरीस मधून मधून १५ व्होल्टांच्या वर नेणारी जी पायरी कांहीं चार्जरांत असते, ती लिथियमला अपायकारक आहे. शिवाय ० अंश सेल्सिअसच्या खालीं लिथियमची बॅटरी चार्ज करूं नये.

दुसरा प्रश्न, बॅटरी केवढी? पाणी घालावयाच्या शिशाच्या बॅटरीस तिच्या धारणेच्या शेंकडा १० ते २० इतका प्रवाह मानवतो. २२० अँपिअर-तासांच्या बॅटरीस २२ ते ४४ अँपिअरांचा चार्जर योग्य. बंद बॅटरीस व लिथियमला याहून अधिक चालतो. पण नेमका आंकडा बॅटरीच्या कारखानदाराच्या पत्रकांतच पाहावा.

तिसरा प्रश्न, वीज येणार कोठून? ४० अँपिअरांचा चार्जर १४.४ व्होल्टांवर ५७६ वॅट देतो. नासाडी धरून तो जनरेटरकडून सुमारें ७०० वॅट मागेल. १,००० वॅटांचा लहान जनरेटर हा भार सहज उचलील. पण मोठेपणाच्या हौसेनें १०० अँपिअरांचा चार्जर घेतला तर सुमारें १,७०० वॅट लागतील, व तो जनरेटर बंद पडेल.

चौथा प्रश्न, हवामान कसें? थंडींत बॅटरीस अधिक दाब लागतो, उन्हाळ्यांत कमी. २५ अंशांची बॅटरी ५ अंशांवर उतरली तर सुमारें अर्ध्या व्होल्टाचा फरक पडतो. म्हणून शिशाच्या बॅटरीसाठीं, बॅटरीस चिकटवावयाच्या उष्णतामापक तारेसह येणारा चार्जर घ्यावा.

आतां एक हिशेब करूं. समजा, एका वृद्ध दांपत्याच्या घरगाडींत ६ व्होल्टांच्या दोन बॅटऱ्या एकसरीनें जोडून १२ व्होल्टांची २२० अँपिअर-तासांची बॅटरी केली आहे. भट्टीचा पंखा ८ अँपिअर घेतो व रात्रभरांत एकूण ५ तास चालतो. हे झाले ४० अँपिअर-तास. दिवे, पंप वगैरेंचे २० धरले तर दिवसाचा खर्च ६० झाला. शिशाची बॅटरी अर्ध्याखालीं नेऊं नये. म्हणजे खर्चावयास ११० आहेत, ते दोन दिवसहि पुरावयाचे नाहींत. १० अँपिअरांच्या चार्जरनें एका दिवसाची भरपाई करावयाची तर नासाडी न धरतांहि सहा तास जनरेटर गुरगुरत ठेवावा लागेल. ४० अँपिअरांच्या चार्जरनें त्यांतील मोठा भाग तास-दीड तासांत भरून निघेल. शेवटचा थोडा भाग मात्र कोणताहि चार्जर घाईनें भरूं शकत नाहीं, कारण तेथें बॅटरीच आपला प्रवाह आंखडून घेते. म्हणून शहाणे लोक सकाळीं थोडा वेळ जनरेटर लावतात, आणि राहिलेली भरती छपरावरील सौर पट्ट्यांकडून दिवसभर हळूहळू करून घेतात. गर्जना थोडी, काम पुरें!

विद्यार्थिमित्रहो, हें सारें परक्या मुलुखाचें म्हणून सोडून देऊं नका. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅराव्हॅन पर्यटनाचें धोरण मंजूर केलें आहे. तेव्हां अशा गाड्या आपल्या रस्त्यांवरहि दिसतील. अमेरिकेंतील चार्जर तेथील १२० व्होल्टांसाठीं केलेला असतो. आपल्याकडे २३० व्होल्ट असतात. तो येथें लावण्यापूर्वीं दोन्ही दाबांची सोय त्याजवर लिहिली आहे कीं नाहीं, हें वाचलेंच पाहिजे. शिवाय ज्यांच्या घरीं इन्व्हर्टर आहे त्यांच्या कोपऱ्यांत बहुधा हीच शिशाची बॅटरी उभी असते. तिचें पाणी पाहा, तें उतरलें असल्यास ऊर्ध्वपातित पाणीच घाला, आणि निघणारा हायड्रोजन कोंडूं नये म्हणून खोलीची हवा खेळती ठेवा.

सारांश, सर्वांत मोठा चार्जर तो सर्वांत चांगला, असें नव्हे. ज्यास आपल्या बॅटरीची भूक किती, तिला पचतें किती, आणि हात केव्हां आंखडावा हें कळतें, तोच चांगला. त्याची पारख मात्र दुकानदारावर सोंपवूं नये. हातीं कागद-पेन्सिल घेऊन ती आपली आपणच करावी. त्यास शाळेंत शिकलेला गुणाकार-भागाकार पुरेसा आहे.