शब्दांच्या याद्या लक्षात राहत नाहीत

प्रश्न : मी कर्जतची. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता बारावी कॉमर्स. बीबीए-बीएमएसची सीईटी द्यायची आहे. इंग्रजी शब्दसंग्रहाचं जाडजूड पुस्तक आणलंय, पण पाठ केलेलं आठवड्यात विसरते. काय करू?

उत्तर : ते पुस्तक तूर्त बाजूला ठेव. २०२४ पासून सुरू झालेल्या या सीईटीत १०० पैकी ४० प्रश्न इंग्रजीचे आणि वेळ ९० मिनिटं. प्रश्नाला मिनिटभरही मिळत नाही, त्यामुळे शब्द वाक्यात दिसताच ओळखता आला पाहिजे. ती ओळख वाचनानेच होते. रोज इंग्रजी वर्तमानपत्रातला एक लेख पूर्ण वाच. लोकलमध्ये बसायला मिळालं तर तिथेही. अडलेल्या शब्दाचा अर्थ आधी मागच्यापुढच्या वाक्यांवरून ताड, मग कोश उघड. रोज पाचच शब्द वहीत उतरव, पण सुटे नकोत, लेखातल्या वाक्यासकट. खाली त्याच शब्दाचं तुझं स्वतःचं वाक्य लिही: भिवपुरीच्या पावसावर, नेरळच्या बाजारावर, कशावरही. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने अर्थ झाकून ते आठवून बघ. ही उजळणी होत नाही म्हणूनच तू विसरतेस.

शब्दांची कुळंही जमव. ‘पोर्ट’ या लॅटिन मुळाचा अर्थ वाहून नेणं. तो कळला की एक्स्पोर्ट, ट्रान्सपोर्ट, पोर्टेबल एकदमच हाती लागतात. लायबिलिटी, डेप्रिसिएशन, ऑडिट हे शब्द तर कॉमर्समुळे तुझे झालेच आहेत.

सराव परीक्षा घड्याळ लावून सोडव. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवू नकोस.