उन्हाळी झळा आणि माणसाचा स्वभाव

चैत्र-वैशाखात विदर्भ, खानदेश व मराठवाडा या भागांत दुपारच्या वेळी उष्ण व कोरडे वारे वाहतात. राजस्थान व मध्य प्रदेशाच्या तापलेल्या भूमीवरून येणाऱ्या या वाऱ्यांत ओलावा फारच थोडा असतो. नागपूर येथे दिनांक 23 मे 2013 रोजी तपमान 47.9 अंश सेल्सिअसपर्यंत चढले होते. अशा झळांनी भाजीपाला कोमेजतो व विहिरींचे पाणी आटते, हे शेतकऱ्यास ठाऊक असते. परंतु त्याच झळा माणसाच्या मनावर व वागणुकीवरही परिणाम करतात, याकडे सहसा लक्ष दिले जात नाही.

शरीरात काय घडते?

माणसाच्या त्वचेचे तपमान सामान्यतः 35 अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून थंड असेल तर वारा शरीरातील उष्णता वाहून नेतो. हवा त्याहून तापली की हाच वारा उलट शरीरास उष्णता देऊ लागतो. मग शरीर थंड राखण्याचा घाम हाच एक मार्ग उरतो. कोरड्या वाऱ्यात घाम येताक्षणीच सुकतो. अंग कोरडे दिसते, म्हणून आपणांस घाम आलाच नाही असा काम करणाराचा समज होतो व तो पाणी पीत नाही.

कडक उन्हात नांगरट करणाऱ्या अथवा धसकटे वेचणाऱ्या माणसाच्या अंगातून तासाला सुमारे एक लिटर पाणी घामावाटे जाऊ शकते. साठ किलो वजनाच्या माणसाच्या शरीरातून सव्वा लिटर पाणी कमी झाले, म्हणजे त्याच्या वजनाचा सुमारे दोन टक्के भाग गेला. एवढ्यानेही लक्ष विचलित होते, डोके दुखते, थकवा येतो व माणूस चिडचिडा बनतो. त्यातच रात्री घरे तापलेली राहिल्याने झोप पुरी होत नाही. अपुऱ्या झोपेचा माणूस क्षुल्लक कारणावरून संतापतो.

अन्य देशांतील अनुभव

हा अनुभव केवळ आपलाच नव्हे. आल्प्स पर्वताच्या उतारावरून येणाऱ्या ‘फोन’ नावाच्या वाऱ्यास तेथील लोक डोकेदुखी व उदासीनतेचे कारण मानतात. इस्रायलमधील ‘शराव’ वाऱ्याविषयीही असाच समज आहे. फेलिक्स सुलमान या संशोधकांनी, अशा हवेतील विद्युत्‌भारित कणांमुळे मनःस्थिती बिघडते, असे मत मांडले होते. पुढील संशोधनातून त्यास खात्रीलायक आधार मिळालेला नाही. मात्र उष्णतेचा परिणाम अधिक स्पष्ट आहे. 2013 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात 60 अभ्यासांचा एकत्रित विचार प्रसिद्ध झाला. नेहमीपेक्षा उष्णता वाढली असता माणसामाणसांतील हिंसा वाढते, असे त्यात आढळून आले.

राग की उष्माघात?

येथे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी विशेष सावध राहावे. उन्हात काम करणारा माणूस एकाएकी असंबद्ध बोलू लागला, विनाकारण भांडू लागला, त्याचा तोल जाऊ लागला अथवा तो ओळखीच्या माणसास ओळखेनासा झाला, तर तो दारू प्याला आहे किंवा त्यास बाहेरची बाधा झाली आहे, असे मानून त्यास एकटे सोडू नये. ही उष्माघाताची लक्षणे असू शकतात. यात शरीराचे तपमान 40 अंशांच्या वर जाते व विलंब झाल्यास प्राण जातो.

त्यास तत्काळ सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, सर्वांगावर पाणी ओतावे व वारा घालावा. मान, काखा व जांघा यांवर ओली फडकी ठेवावीत. शुद्ध हरपलेल्या अथवा भ्रमिष्ट झालेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. 108 या क्रमांकावर त्वरित रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत पाणी ओतणे थांबवू नये.

पाळावयाच्या गोष्टी

1. शेतीची कष्टाची कामे सकाळी लवकर उरकावीत. दुपारी 12 ते 4 या वेळात माणसांस व बैलांस विश्रांती द्यावी.

2. तहान लागण्याची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळाने पाणी प्यावे. ताक, पन्हे व आंबील उत्तम. फार घाम गेल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून घ्यावे.

3. डोक्यास ओले उपरणे बांधावे. हवा कोरडी असल्याने त्यातील पाणी लवकर उडते व गारवा मिळतो. वाळ्याच्या ताट्यांचा गुणही हाच होय. खिशात कांदा बाळगल्याने मात्र ऊन लागावयाचे राहत नाही.

4. दारू कटाक्षाने टाळावी. मानसिक विकारांवरील काही औषधांनी उष्णतेचा त्रास वाढतो. ती घेणाऱ्यांनी औषध परस्पर बंद न करता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

5. बांधाचा वाद, पाण्याची पाळी, वाटणी अथवा कर्जाचा हिशेब हे विषय भर दुपारी काढू नयेत. ग्रामसभा व बैठका सकाळी किंवा दिवस कलल्यावर घ्याव्यात आणि तेथे पिण्याचे पाणी ठेवावे.

नवतप्याचे दिवस येण्यापूर्वीच प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावातील वृद्ध, एकटे राहणारे व उन्हात मजुरी करणारे यांची यादी करावी व झळांच्या दिवसांत त्यांची रोज विचारपूस करावी. घरातील कोणी नेहमीपेक्षा अधिक चिडत असेल, तर त्यास उत्तर देण्यापूर्वी सावलीत बसवून तांब्याभर पाणी द्यावे.