घटक ४ : शालेय विषय आणि सामाजिक प्रश्न – भाषाशिक्षणाच्या दृष्टीने

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• शालेय विषयांबरोबर सामाजिक प्रश्न शिकवावेत की नाही, या वादातील दोन्ही बाजू मांडता येतील.
• या वादाची महाराष्ट्रातील, विशेषतः अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याशी जोडलेली पार्श्वभूमी सांगता येईल.
• सामाजिक विषयावरील लेखनात वाक्यरचनेमुळे जबाबदारी कशी लपते किंवा उघड होते, हे ओळखता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण निबंधाचे प्रकार पाहिले. त्यांतील ‘सामाजिक निबंध’ हा प्रकार तुम्ही शाळेत अनेकदा हाताळला असेल. हुंडा, व्यसनाधीनता, पाणीटंचाई, बालविवाह हे विषय दरवर्षी परीक्षेत येतात आणि त्यांवरची उत्तरे दरवर्षी सारखीच असतात. सामाजिक प्रश्न शाळेत आला, पण तो खरोखर शिकवला गेला का, अशी शंका त्यामुळे येते. या घटकात आपण त्या शंकेचा विचार करणार आहोत. तुमच्यापैकी काही जण उद्या शिक्षक होतील, काही आजही असतील. म्हणून हा विचार केवळ परीक्षेपुरता नाही.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ ऐतिहासिक पार्श्वभूमी

हा प्रश्न नवा आहे, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः महाराष्ट्रात आधुनिक शाळा सुरू झाल्या, तेव्हापासूनच तो त्यांच्यासोबत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार यांनी अहमदनगर येथे मुलींच्या शाळा चालवल्या. त्या शाळांची प्रेरणा घेऊन जोतीराव फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनीही अध्यापनाचे शिक्षण घेतले ते नगरलाच. मुलीने शाळेत बसणे हाच त्या काळी मोठा सामाजिक प्रश्न होता. त्यामुळे अक्षर आणि समाज यांना वेगळे करण्याची सोय त्या शाळांना नव्हती.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे मुक्ता साळवे हिचा निबंध. मुक्ता ही मातंग समाजातील मुलगी फुले दांपत्याच्या पुण्यातील शाळेत सुमारे तीन वर्षे शिकली होती. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झाला. हे नियतकालिक १८४२ मध्ये नगरलाच सुरू झाले होते. तिच्या निबंधात सर्वसाधारण उपदेश जवळजवळ नाही. बाळंत होणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसते, हे ती पाहिलेल्या माणसाच्या अधिकाराने सांगते. ज्यांना धर्मग्रंथ वाचण्याचा अधिकार नाही, त्यांचा धर्म कोणता, असा प्रश्न ती विचारते. ती ‘आम्ही’ हे सर्वनाम वापरते आणि अन्याय करणारे कोण, तेही सांगते. शाळेने तिला लिपी दिली, व्याकरण दिले आणि स्वतःच्या वस्तीकडे पाहण्याची मुभाही दिली. यांतील तिसरी गोष्ट नसती, तर हा निबंध लिहिला गेला नसता.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे केलेल्या निवेदनात जोतीरावांनी प्राथमिक अभ्यासक्रमाची जी कल्पना मांडली, तीत मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांच्या जोडीला शेतीचे प्राथमिक ज्ञान, आरोग्य आणि नीती यांवरील धडे होते. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर पुढे आलेल्या नई तालीम योजनेत गांधीजींनी हाताच्या कामाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवले. स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या अनुच्छेद ५१ क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद, जिज्ञासा आणि सुधारणावृत्ती यांचा विकास हे नागरिकांचे कर्तव्य मानले गेले. आजच्या अभ्यासक्रमात प्राथमिक स्तरावर ‘परिसर अभ्यास’ हा विषय आहे. तात्पर्य, तत्त्व म्हणून हा प्रश्न बराचसा सुटला आहे. अडचण आहे ती व्यवहारात.

४.२.२ विरोधी बाजू

सामाजिक प्रश्न शाळेत नकोत, असे म्हणणाऱ्यांचे तीन आक्षेप गंभीरपणे घ्यावे लागतात.

पहिला आक्षेप वेळेचा आहे. पाचवीतील मुलाला धड वाचता येत नाही, भागाकार येत नाही. अशा वेळी आणखी एक विषय त्याच्या माथी का मारावा? दुसरा आक्षेप शिक्षकाच्या पक्षपाताचा आहे. वर्गात मुले शिक्षकाच्या शब्दाला प्रमाण मानतात. तो स्वतःचे राजकीय किंवा जातीय मत सामाजिक जाणीव म्हणून शिकवू लागला, तर मुलांना त्यापासून संरक्षण नाही. तिसरा आक्षेप फारसा बोलला जात नाही, पण तो सर्वांत नाजूक आहे. ज्या मुलाच्या घरात तो प्रश्न आहे, ते मूल वर्गात उघडे पडते. व्यसनावर धडा चालू असताना सारा वर्ग एका बाकाकडे वळून पाहतो, हे अनेक शिक्षकांनी अनुभवलेले असते.

या आक्षेपांची उत्तरे शेवटी पाहू. तत्पूर्वी एक उदाहरण घेऊ.

४.२.३ एक उदाहरण : ऊसतोड आणि शाळा

आपला जिल्हा साखर कारखान्यांचा आहे. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना हा सहकारी चळवळीतील अग्रणी होय. याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील पाथर्डी, शेवगाव या तालुक्यांतून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादम आगाऊ रक्कम देतो, तिला ‘उचल’ म्हणतात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. मजूर कारखान्याच्या परिसरात ‘कोपी’ घालून राहतात. कित्येक मुले आईबापांबरोबर जातात आणि वर्षाच्या मध्यावर त्यांची शाळा तुटते. साखरशाळा आणि हंगामी वसतिगृहे हे त्यावरचे प्रयत्न आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला. पण हक्क गावच्या पटावर आणि मूल उसाच्या फडात, अशी ही परिस्थिती आहे.

काही वर्षांपूर्वी एका निबंधस्पर्धेचा परीक्षक म्हणून मी निबंध तपासत होतो. विषय होता ‘माझी दिवाळीची सुट्टी’. बहुतेक निबंधांत किल्ला, फराळ आणि मामाचे गाव होते. एका मुलाने मात्र जेमतेम आठ ओळी लिहिल्या होत्या. त्याची सुट्टी पाडव्यापर्यंत चालते, तो कोपीत धाकट्या बहिणीला सांभाळतो, वाढ्याच्या पेंढ्या विकायला बसतो, असे त्यात होते. मी ‘कोपी’ आणि ‘वाढे’ या शब्दांखाली लाल रेघ मारून ‘प्रमाण शब्द वापरावा’ असा शेरा दिला आणि शब्दमर्यादा पाळली नाही म्हणून गुण कापले. वास्तविक या शब्दांना पर्यायी प्रमाण शब्द मलाही सांगता आले नसते. भाषाशास्त्राची पदवी असलेल्या माणसाकडून हे घडले. त्या गठ्ठ्यातला स्वतःच्या अनुभवावर उभा असलेला तो एकमेव निबंध होता, हे माझ्या ध्यानात आले तोवर निकाल लागला होता.

मुलाच्या जगण्यातील शब्द वर्गात येऊ न देणे, हीच सामाजिक प्रश्न शाळेबाहेर ठेवण्याची सर्वांत सोपी रीत आहे. त्यासाठी कुठल्याही बंदीची गरज पडत नाही. एक लाल रेघ पुरते.

४.२.४ वाक्यरचना आणि जबाबदारी

आता भाषेच्या अंगाने पाहू. पुढील चार विधाने लक्षपूर्वक वाचा.

(क) ऊसतोड कामगारांच्या मुलांचे शिक्षण थांबते.
(ख) ऊसतोड कामगारांच्या मुलांना शिक्षणापासून वंचित ठेवले जाते.
(ग) धाकट्याला सांभाळण्यासाठी आईबापांनी थोरल्या मुलीला शाळेतून काढून सोबत नेले.
(घ) मुकादमाने जोडप्याला उचल दिली. गावाने हंगामी वसतिगृह चालवले नाही. घरी आजी-आजोबा नव्हते. म्हणून आईबापांनी मुलीला सोबत नेले.

(क) मधील ‘थांबणे’ हे क्रियापद अकर्मक आहे. पाऊस थांबावा तसे शिक्षण थांबते. कोणी थांबवले, हा प्रश्नच उद्भवत नाही. (ख) मध्ये ‘ठेवले जाते’ अशी रचना आहे. कोणीतरी वंचित ठेवतो एवढे कळते, पण कर्ता वगळलेला आहे. शालेय निबंधांत आणि सरकारी अहवालांत हीच रचना भरपूर आढळते. (ग) मध्ये कर्ता आहे. मात्र वाक्य तिथेच संपल्याने सारा दोष आईबापांवर येतो. (घ) मध्ये अनेक कर्ते आहेत आणि ‘म्हणून’ या उभयान्वयी अव्ययाने कारणांची साखळी जोडली आहे. खरा अभ्यास येथे सुरू होतो. वसतिगृह का चालले नाही, उचल जोडप्यालाच का मिळते, हे पुढचे प्रश्न याच वाक्यातून निघतात.

अकर्मक किंवा कर्मणी रचना चुकीची असते, असा याचा अर्थ नव्हे. कर्ता खरोखर अज्ञात असेल, तेव्हा ती योग्यच असते. परंतु कर्ता ठाऊक असून तो गाळण्याची सवय लागली, की सामाजिक प्रश्न हे नैसर्गिक आपत्तीसारखे भासू लागतात. मुक्ता साळवेचा निबंध आजही टवटवीत वाटतो, याचे एक कारण हेच की तिने ही पळवाट घेतली नाही.

४.२.५ समन्वय : स्वतंत्र विषय नको, विषयांत प्रश्न हवा

आता आक्षेपांकडे वळू. वेळेच्या आक्षेपाचे उत्तर असे की, नवा तास न वाढवता आहे त्याच विषयात हे करता येते. गणिताचे उदाहरण पाहा. समजा, एका कोयत्याने ७०,००० रुपये उचल घेतली. जोडी दिवसाला २ टन ऊस तोडते आणि टनाला ३५० रुपये मिळतात. रोजची कमाई ७०० रुपये, म्हणजे केवळ उचल फेडण्यास १०० दिवस लागतात. हंगाम ९० दिवसांतच संपला, तर ७,००० रुपये अंगावर राहतात. आणि यात खाण्यापिण्याचा खर्च धरलेलाच नाही. हा गुणाकार-भागाकारच आहे, पण तो करणाऱ्या मुलाला आपले घर पुन्हा स्थलांतर का करते, हे उमगते.

याच जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत रुजवली. पावसाळ्यानंतर उपलब्ध पाण्याचा हिशेब ग्रामसभेपुढे ठेवून पिके ठरवली जातात. गावाला जे ग्रामसभेत करता येते, ते विज्ञानाच्या तासाला स्वतःच्या गावापुरते का करता येऊ नये?

पक्षपाताच्या आक्षेपाचे उत्तर पद्धतीत आहे. शिक्षकाने निष्कर्ष सांगायचा नाही. प्रश्न, आकडे आणि निरनिराळ्या लोकांची म्हणणी पुढे ठेवायची. मजुराचे ऐकले तर मुकादमाचे आणि शेतकऱ्याचेही ऐकायचे. तिसऱ्या आक्षेपाचे पूर्ण समाधान मात्र नाही. कोणत्याही मुलाला स्वतःच्या घराविषयी बोलण्याची सक्ती करू नये आणि ज्याने आपणहून लिहिले त्याची वही वर्गात मोठ्याने वाचू नये, एवढे पथ्य शिक्षकाला पाळता येते. ते पाळता येत नसेल, तर त्याने त्या विषयाला हात न लावणेच बरे.

स्वयं-अध्ययन प्रश्न
१. मुक्ता साळवेचा निबंध कोठे व केव्हा प्रसिद्ध झाला?
२. ‘झाडे तोडली जातात’ या वाक्यात काय वगळले आहे?

४.३ सारांश

सामाजिक प्रश्न शाळेला परके नाहीत. महाराष्ट्रातील आधुनिक शाळा त्यांतूनच घडली. वेळ, पक्षपात आणि मुलाची अब्रू हे आक्षेप खरे आहेत. त्यांमुळे प्रश्न टाळायचे नाहीत, तर शिकवण्याची रीत बदलायची. स्वतंत्र विषयापेक्षा भाषा, गणित, विज्ञान यांच्या आतच हे प्रश्न यावेत. भाषेच्या शिक्षकाकडे यातील विशेष काम आहे : मुलाचा शब्द वर्गात येऊ देणे आणि वाक्यातला कर्ता शोधायला शिकवणे.

४.४ पारिभाषिक व स्थानिक शब्द

उचल – हंगामापूर्वी मुकादमाकडून मिळणारी आगाऊ रक्कम.
कोयता – ऊसतोडीचे हत्यार; त्यावरून ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी.
कोपी – ऊसतोड मजुरांची तात्पुरती झोपडी.
वाढे – उसाचा वरचा हिरवा शेंडा, जनावरांचा चारा.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१. ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात, १८५५ मध्ये.
२. झाडे तोडणारा कर्ता.

४.६ स्वाध्याय

१. ‘शाळेने केवळ शालेय विषयच शिकवावेत’ या मताचे साधकबाधक परीक्षण करा.
२. वर्तमानपत्रातील एखाद्या सामाजिक विषयावरील बातमी निवडा. तिच्यातील कर्ता वगळलेली वाक्ये शोधून, शक्य तेथे कर्त्यासह पुन्हा लिहा.

क्षेत्रीय कार्य : तुमच्या परिसरातील एका व्यवसायातील दहा शब्द त्या व्यवसायातील व्यक्तींकडून जाणून घ्या. प्रत्येकाचा अर्थ त्यांच्याच शब्दांत नोंदवा आणि त्यांपैकी किती शब्द तुमच्या शालेय पाठ्यपुस्तकात आढळले होते, ते लिहा.