भरतीचे बल आणि दूरच्या ग्रहांची वसतियोग्यता

पौर्णिमेला उपोसथ पाळणाऱ्या आपल्या समाजाला चंद्राचे वेळापत्रक नवे नाही. त्याच पौर्णिमेला, तसेच अमावास्येला, समुद्राला उधाण येते. कारण त्या दिवशी सूर्य, पृथ्वी आणि चंद्र जवळजवळ एका रेषेत असतात. मात्र जे बल पाणी चढवते व उतरवते, तेच बल ग्रहांच्या कक्षाही बदलत असते, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही.

गुरुत्वाकर्षण अंतरानुसार घटते. त्यामुळे पृथ्वीच्या चंद्रासमोरील बाजूवर ओढ अधिक आणि पलीकडील बाजूवर कमी असते. ओढीतील हा फरक म्हणजेच भरतीचे बल. अंतर निम्मे झाले तर गुरुत्वाकर्षण चौपट होते; भरतीचे बल मात्र आठपट होते. याच बलामुळे चंद्राची एकच बाजू सदैव आपल्याकडे राहिली आहे आणि चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटर दूर सरकत आहे. अपोलो मोहिमांनी तेथे ठेवलेल्या परावर्तकांवर लेझर किरण पाठवून हे अंतर मोजले जाते.

आता सौरमालेबाहेर पाहू. ज्या अंतरावर ग्रहाच्या पृष्ठभागावर पाणी द्रवरूपात राहू शकेल, त्यास वसतियोग्य पट्टा म्हणतात. लहान, तांबडे तारे मंद असतात. म्हणून त्यांचा हा पट्टा ताऱ्याच्या अगदी जवळ असतो. सूर्याला सर्वांत जवळचा तारा प्रॉक्झिमा सेंटॉरी ४.२ प्रकाशवर्षे दूर आहे. त्याच्या वसतियोग्य पट्ट्यातील ग्रहाचा शोध २०१६ साली जाहीर झाला. हा ग्रह ११.२ दिवसांत एक प्रदक्षिणा पूर्ण करतो. पृथ्वी-सूर्य अंतराच्या तुलनेत त्याचे ताऱ्यापासूनचे अंतर सुमारे विसाव्या हिश्श्याएवढे आहे. त्या ताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या आठव्या हिश्श्याएवढेच असले, तरी पृथ्वीएवढ्या ग्रहावर तेथे पडणारा भरतीचा ताण सूर्यामुळे पृथ्वीवर पडणाऱ्या ताणाच्या सुमारे हजारपट ठरतो.

अशा ग्रहाची कक्षा लंबवर्तुळाकार असेल, तर तो प्रत्येक फेरीत ताऱ्याच्या जवळ जातो व पुन्हा दूर येतो. जवळ असताना त्याचा फुगवटा वाढतो, दूर असताना ओसरतो. या सततच्या ताणण्याने आतील खडक घासले जाऊन तापतात. ही उष्णता कक्षेच्या ऊर्जेतूनच येते. ऊर्जा घटते, पण कोनीय संवेग जवळजवळ तेवढाच राहतो. परिणामी लंबवर्तुळ हळूहळू वर्तुळाकडे झुकते आणि कक्षा आक्रसते. म्हणजे आज वसतियोग्य पट्ट्यात असलेला ग्रह कालांतराने आत सरकून होरपळू शकतो. आणि आज अतितप्त दिसणारा ग्रह कधीकाळी त्या पट्ट्यात असू शकेल.

शेजारी ग्रह-उपग्रह मात्र हे वर्तुळ होणे रोखू शकतात. गुरूचा उपग्रह आयो चार फेऱ्या मारतो, त्या वेळात युरोपा दोन आणि गॅनिमीड एक फेरी पूर्ण करतो. या लयबद्ध ओढीमुळे आयोची कक्षा पूर्ण वर्तुळाकार होत नाही. १९७९ साली पील, कॅसन व रेनॉल्ड्स यांनी भरतीजन्य उष्णतेने आयोचे अंतरंग वितळले असावे, असे गणिताने मांडले. त्यानंतर लवकरच व्हॉयेजर-१ यानाला तेथे जागृत ज्वालामुखी दिसले. ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याभोवतीचे सात ग्रहही अशाच लयीत बांधलेले आहेत. ही उष्णता बेताची असेल, तर ग्रहाचे अंतरंग दीर्घकाळ सक्रिय ठेवू शकते. अति झाली, तर पृष्ठभाग लाव्ह्याने व्यापू शकते.

म्हणून ‘दुसरी पृथ्वी सापडली’ अशी बातमी वाचताना विद्यार्थ्याने केवळ अंतर विचारू नये. कक्षा किती लांबट आहे, शेजारी कोण आहेत आणि ताऱ्याचे वय किती, हेही विचारावे. ऐकले म्हणून मानू नका, तपासून पाहा, हा तथागतांनी कालामांना दिलेला उपदेश येथेही उपयोगी पडतो. वसतियोग्यता ही ग्रहाला एकदाच लाभणारी आणि कायम टिकणारी संपत्ती नव्हे. ती अनेक कारणांच्या मेळातून उद्भवते आणि कारणे बदलली की बदलते. ग्रहांच्या कक्षाही अनित्यच आहेत.