घाटाच्या वाटा : औट्रम घाटाचा एक अभ्यास

चाळीसगावची माणसे त्याला कन्नड घाट म्हणतात आणि कन्नडची माणसे चाळीसगाव घाट. घाटाला पलीकडच्या गावाचे नाव द्यावयाचे ही आपल्याकडची जुनी रीत आहे. वाट कोठे नेते तेच चालणाऱ्याला महत्त्वाचे. सरकारी कागदांत मात्र तो ‘औट्रम घाट’ आहे. एकाच चढणीला तीन नावे असावीत, हेच मला या अभ्यासाकडे वळविण्यास पुरेसे झाले. शोध घेऊ लागल्यावर ध्यानात आले की नावे तीन असली तरी वाटा त्याहून अधिक आहेत. आज एस.टी. ज्या रस्त्याने चढते तो या डोंगरावरील अगदी अलीकडचा रस्ता होय.

वाटा का बदलतात, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. डोंगर तोच असतो, मग वाट का हलते? माझे उत्तर थोडक्यात असे, की वाट एकटा डोंगर ठरवीत नाही. तिच्यावरून काय चढणार आहे तेही ती ठरविते. माणूस, बैल, गाडी आणि मालमोटार यांना एकाच डोंगरावर चार निरनिराळ्या वाटा लागतात, आणि प्रत्येक नवी वाट आधीच्या वाटेपेक्षा डोंगराला अधिक कापते.

प्रथम डोंगराकडे पाहू. खानदेशच्या दक्षिणेला पूर्व-पश्चिम पसरलेली ही अजिंठ्याची रांग उत्तरेकडून भिंतीसारखी दिसते. दक्षिणेकडून मात्र ती डोंगर म्हणून जाणवतही नाही. कन्नडकडून येणारा प्रवासी सपाटीवरून येता येता एकदम कड्याच्या काठाशी येतो, आणि खाली खानदेश पसरलेला दिसतो. याचे कारण नद्यांत आहे. दक्षिणेकडील शिवना संथ उताराने गोदावरीला मिळते. उत्तरेकडील तितूर आणि डोंगरी यांचे पाणी गिरणेतून तापीला जाते, आणि तापीचे खोरे फार खोल आहे. थोड्या अंतरात अधिक खाली उतरणाऱ्या पाण्याची धार तीव्र असते; म्हणून उत्तरेचे ओहोळ डोंगराला मागे मागे, दक्षिणेकडे कुरतडीत जातात. माथ्यावर पडणाऱ्या पावसाचा एक थेंब अरबी समुद्राला जातो आणि हातभर अंतरावर पडलेला दुसरा बंगालच्या उपसागराला. या ओहोळांनी कुरतडलेल्या घळी याच वर चढण्याच्या नैसर्गिक जागा. आपल्या खानदेशात अशा जागेला ‘बारी’ म्हणतात. साक्रीकडची कोंडाईबारी सर्वांना ठाऊक आहेच.

आता खडक. हा सारा मुलूख दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा. इंग्रज भूशास्त्रज्ञ त्याला ‘ट्रॅप’ म्हणत. तो शब्द मुळात स्वीडिश भाषेतील असून त्याचा अर्थ जिना. नाव अगदी अचूक आहे. एक लाव्हा पसरला, निवला, कालांतराने दुसरा त्यावर पसरला. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट व उभ्या भेगांचा, तर वरचा भाग सच्छिद्र. त्याच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक सापडतात. दोन लाव्ह्यांच्या मध्ये बराच काळ गेला असेल तर तेथे तांबड्या मातीचा, विटेच्या रंगाचा पातळ थर आढळतो. घट्ट थराचा कडा होतो, मऊ थराची सपाट पायरी होते. डोंगरावर गुरे ज्या आडव्या पट्ट्यांवर चरताना दिसतात, त्या या पायऱ्या.

तांबड्या थराचे महत्त्व वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण पुढे सारे त्यावर येणार आहे. वरच्या खडकाच्या भेगांतून पाणी मुरते, तांबड्या मातीपाशी अडते आणि आडवे वाहू लागते. जेथे डोंगराची कड येते तेथे ते झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. घाटातील जुन्या देवस्थानांजवळ व विसाव्याच्या जागी पाणी का असते, याचे हे साधे कारण आहे. माणूस पाण्यापाशी थांबला, देव माणसापाशी आला.

चढणीचे गणित सोपे आहे, पण ते मांडल्याखेरीज इतिहास उलगडत नाही. समजा, तीनशे मीटर उंची चढावयाची आहे. मोकळा माणूस तिनास एक असा चढही चढून जातो. त्याला नऊशे मीटर वाट पुरते. पाठीवर गोणी घेतलेला बैल इतका ताठ चढत नाही. त्याला दहास एक धरला तर तीन किलोमीटर लागतात. भरलेली बैलगाडी किंवा मालमोटार चढवावयाची तर चढ वीसास एकच्या आसपास हवा. म्हणजे सहा किलोमीटर. आगगाडीचा चढ त्याहूनही मंद. बोरघाट आणि थळघाट या दोन्ही ठिकाणी तो सदतिसास एक आहे. त्या हिशेबाने अकरा किलोमीटरांहून अधिक. डोंगर मात्र तेवढाच. तीनशे मीटर उंचीच्या उतारावर सहा किलोमीटर रस्ता बसवावयाचा तर तो आडवा न्यावा लागतो, वळवावा लागतो, पुन्हा उलट न्यावा लागतो. पायवाट घळीतून किंवा सोंडेवरून वर जाते, रस्ता डोंगराच्या पोटाला छेद देत जातो. हा फरक साधा वाटला तरी निर्णायक आहे.

सर्वांत जुनी वाट, माझ्या तर्काप्रमाणे, आजच्या घाटाच्या पश्चिमेस पाटणादेवीच्या दरीतून वर जात असावी. तर्कास आधार असा. दरीच्या माथ्याकडे पितळखोऱ्याची लेणी आहेत. त्यांचा आरंभ इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाचा मानला जातो, आणि तेथील कोरीव लेखांत प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या, दात्यांची नावे आहेत. त्यांतील एक सुगंधी द्रव्यांचा व्यापारी होता. पैठणचा गंधी दान द्यावयास निर्जन दरीत येत नाही. तो आपल्या नेहमीच्या रस्त्यावर दान देतो. दरीच्या तोंडाशी पाटण. तेथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला, असे शके ११२८ च्या, म्हणजे तेराव्या शतकाच्या आरंभीच्या, शिलालेखावरून कळते. हा लेख डॉ. भाऊ दाजी यांनी एकोणिसाव्या शतकात विद्वानांच्या नजरेस आणला. मठ चालावयाचा तर विद्यार्थी यावयास हवेत, धान्य यावयास हवे. आज पाटणला देवीचे मंदिर आहे, कण्हेरगड आहे, दाट झाडी आहे; पण गाव म्हणावे असे उरलेले नाही. वाट गेली म्हणून गाव गेले, की गाव गेले म्हणून वाट गेली? बहुधा दोन्ही हळूहळू एकमेकांना सोडून गेली असावीत. पितळखोऱ्याच्या लेण्यांचे दर्शनी भाग ढासळले आहेत, ते खडकाच्या ठिसूळपणामुळे. जो खडक कोरणाऱ्याच्या छिन्नीला लवकर वश झाला, तोच पाण्यालाही झाला.

मध्ययुगात वाटांचे जाळे आणखी पूर्वेला सरकलेले दिसते. कन्नड तालुक्यातील अंतूर किल्ल्याच्या दक्षिणेस रानात एक चौकोनी दगडी खांब उभा असून त्यावर फारसी अक्षरांत निरनिराळ्या दिशांच्या वाटा सांगितल्या आहेत. दौलताबाद, बऱ्हाणपूर, चाळीसगाव ही नावे त्या संबंधात येतात. खांब निजामशाहीच्या काळातील. आपल्या शाळेच्या पुस्तकांत निजामशाही लढायांतच भेटते. वाटसरू चुकू नये म्हणून खांब उभारणारी निजामशाही मला अधिक जवळची वाटली. दख्खन आणि खानदेश यांच्यामध्ये सैन्ये मात्र बहुतेक अजिंठ्याच्या घाटाने जात. १८०३ च्या ऑगस्टमध्ये शिंदे-भोसल्यांच्या फौजा त्याच घाटाने वर चढल्या, आणि २३ सप्टेंबर रोजी असईची लढाई झाली.

या सर्व काळात माल वाहिला तो लमाणांच्या बैलांनी. त्यांच्या वाटा कोणी बांधल्या नाहीत. हजारो खुरांनी त्या घडविल्या. बैल स्वतःच चढ निवडतो, असे एका वृद्ध गुराख्याने मला सांगितले. ‘ढोराले वाट दावा नई लागत, त्याच्या मांगे चालो फक्त.’ या वाक्यात रस्ते-बांधणीचे अर्धे शास्त्र आहे. घाटाच्या दोन्ही अंगांना लमाण तांडे आजही आहेत, पण लदणीचे बैल गेले ते गेलेच.

त्यानंतर औट्रम येतो. १८१८ साली खानदेश इंग्रजांकडे गेला, ब्रिग्ज याने धुळे हे मुख्य ठाणे केले. परंतु डोंगर ताब्यात आला नव्हता. सातमाळा आणि सातपुड्याच्या वाटा भिल्लांच्या होत्या. वाटसरूकडून राखणीचा हक्क घेण्याची त्यांची वहिवाट होती, तिला नव्या सरकारने लूट हे नाव दिले. पुष्कळ वर्षे बंदुका चालवून भागले नाही, तेव्हा १८२५ मध्ये जेम्स औट्रम या तरुण लष्करी अधिकाऱ्याकडे भिल्लांचीच पलटण उभारण्याचे काम सोपविण्यात आले. तिचे ठाणे धरणगावी होते. औट्रम १८३५ पर्यंत खानदेशात होता. पुढे तो १८५७ मध्ये लखनौला गाजला. घाटाला त्याचे नाव आहे, हे खरे. पण ज्या भिल्लांनी त्या घळीतून चढण्याची जागा शोधली, राखली, पिढ्यान् पिढ्या वापरली, त्यांच्यापैकी एकाचेही नाव त्या डोंगरावर नाही. १९८६ साली येथे अभयारण्य झाले, त्यालाही गौताळा औट्रमघाट असेच नाव मिळाले. गौतम ऋषींच्या नावाशेजारी औट्रमसाहेब बसले. असो.

आगगाडीने डोंगर चढण्याचा नादच केला नाही. मुंबईहून येणारा लोहमार्ग घाटाच्या पायथ्याने चाळीसगाव, भुसावळकडे गेला. औरंगाबादेस जाणारा मार्ग १९०० साली झाला तो मनमाडहून, अंकाईच्या बाजूने, जेथे रांग तुटलेली आहे. वर सांगितलेले सदतिसास एकचे गणित आठवावे म्हणजे कारण कळेल. घाटाला त्यामुळे दुय्यम काम आले : वरच्या पठाराचा माल चाळीसगावच्या स्टेशनावर उतरविणे. त्यातही माथ्यावर राज्य बदलत असे. खाली इंग्रजी अंमल, वर निजामाचा, आणि निजामाची करोडगिरी. १९४८ मध्ये निजामाची राजवट संपली, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि घाटाची दोन्ही टोके एका राज्यात आली.

मग मालमोटारी वाढल्या. सोलापूर-धुळे हा राष्ट्रीय महामार्ग (पूर्वीचा क्रमांक २११, नंतरचा ५२) याच घाटाने जातो. त्यामुळे दक्षिणेकडून इंदूर, दिल्लीकडे जाणारी अवजड वाहने या डोंगरावर आली. जो रस्ता गाड्यांसाठी आखला गेला तो रुंद करण्यासाठी डोंगराची आतली बाजू आणखी कापावी लागते आणि बाहेरच्या बाजूला भराव घालावा लागतो. आतल्या बाजूला कापल्याने तांबडा थर उघडा पडतो. पावसाळ्यात त्यातून पाणी पाझरते, माती फुगते, निसरडी होते. तिच्यावर भेगाळलेल्या काळ्या खडकाच्या शिळा नुसत्या ठेवल्यासारख्या असतात. बाहेरच्या बाजूचा भराव तर मुळात डोंगराचा नव्हेच. मोऱ्या पालापाचोळ्याने व दगडांनी बुजल्या की ओहोळ रस्त्यावरून वाहू लागतो, आणि भराव धुऊन नेतो.

३० ऑगस्ट २०२१ च्या रात्री नेमके हे घडले. डोंगरावर अतोनात पाऊस झाला. घाटात ठिकठिकाणी दरडी कोसळल्या, वाहने अडकून पडली, रस्ता बंद करावा लागला. त्याच पाण्याने खाली तितूर आणि डोंगरी या नद्यांना पूर येऊन चाळीसगावात हाहाकार झाला. वृत्तपत्रांनी पूर आणि दरड या दोन बातम्या वेगवेगळ्या छापल्या. डोंगराच्या दृष्टीने ती एकच घटना होती. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने अवजड वाहनांना घाटातून जाण्यास बंदी झाली, आणि मालमोटारी नांदगावसारख्या लांबच्या वाटांनी वळल्या. म्हणजे वाट पुन्हा एकदा हलली.

बोगद्याची मागणी त्याआधीपासूनची आहे. बोगदा म्हणजे चढणीच्या गणितातून सुटका. चढावयाचेच नाही, आरपार जावयाचे. कोंडीत तासन् तास अडकलेल्या रुग्णवाहिकेचा विचार केला तर बोगद्याला विरोध करणे मला शक्य नाही. परंतु दोन प्रश्न भूगोलाच्या विद्यार्थ्याने विचारलेच पाहिजेत. बोगदा ज्या थरांतून जाईल त्यांत पाणी धरणारे थर कोणते, आणि ते फुटले तर पायथ्याच्या कोणत्या विहिरींचे झरे आटतील? आणि वाहतूक आत गेल्यावर वरचा जुना रस्ता कोण राखणार? मोऱ्या साफ करणारा माणूस काढून घेतला, तर सोडलेला घाटरस्ता हा डोंगराला पाडलेला नुसता एक चर उरतो, आणि त्यातून वाहणारे पाणी चाळीसगावाकडेच येते.

आपल्या महाविद्यालयातील भूगोल आणि इतिहास या दोन्ही विभागांनी मिळून येत्या पावसाळ्यानंतर एक काम हाती घ्यावे, अशी माझी सूचना आहे. घाट पायी उतरावा. जेथे जेथे कापलेल्या भिंतीत तांबडी रेघ दिसेल तेथे तिची रस्त्यापासूनची उंची मोजावी, ती ओली आहे की कोरडी ते लिहावे, आणि प्रत्येक मोरी वाहते की बुजलेली तेही पाहावे. त्याच फेरीत पायथ्याच्या विहिरींची पाणीपातळी मोजून ठेवावी. बोगद्याचे काम सुरू होण्यापूर्वीचे आकडे नंतर कोणालाही मोजता येणार नाहीत. फूटपट्टी, दोरी, वही आणि दोन दिवस, एवढे साहित्य पुरे आहे.