शेवटचा बाण कुठं पाहिला?

आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक २६



आजच्या श्लोकात भगवंत एक साधी गोष्ट सांगतात. मन चंचल आहे, ते भटकणारच. ते जिथे जिथे जाईल तिथून तिथून त्याला परत आणायचं. हा श्लोक मी कितीदा तरी वाचलाय, पण थोडासा कळला तो गेल्या जानेवारीत, राजगड ते तोरणा चालताना.

हा ट्रेक ज्यांनी केला नाही त्यांच्यासाठी: राजगडाच्या संजीवनी माचीकडून अळू दरवाज्यातून उतरायचं आणि डोंगराच्या सोंडेवरून चालत तोरण्याच्या बुधला माचीवर चढायचं. मध्ये एक डांबरी रस्ता आणि धनगरांची एखाद-दोन घरं लागतात. बाकी कारवी, वाळलेलं गवत आणि ऊन. आख्खा दिवस जातो. पाणी पाठीवरच न्यायचं. वाट कळते ती दगडांवर रंगवलेल्या बाणांवरून.

सोबत माझा मावसभाऊ होता. २४ वर्षांचा, पहिलाच मोठा ट्रेक. "तू फक्त माझ्या मागे ये," मी ऐटीत सांगितलं होतं.

रस्ता ओलांडून बरंच पुढे गेल्यावर वाट फुटली. मी खालची धरली, कारण ती जास्त मळलेली दिसत होती. दहा मिनिटांतच शंका आली. बाण दिसेना, कारवी दाट होत चालली. तरी "पुढे मिळेल रे" म्हणत मी अर्धा तास रेटलं. खरं सांगू? वाट चुकल्याचं मला कळलं होतं. लहान भावासमोर ते कबूल करायची लाज वाटत होती. शेवटी वाट एका कोरड्या घळीपाशी संपली. खाली नुसता घसारा. त्याच्या बाटलीत दोन घोट उरलेले.

तो शांतपणे म्हणाला, "दादा, शेवटचा बाण आपण कुठं पाहिला?"

बस्, एवढंच. चिडला नाही, टोमणा मारला नाही. आम्ही वळलो. पाऊण तास चढून त्या बाणापाशी आलो. वरची वाट तिथेच शेजारी होती. माझं पाणी दोघांत वाटून घेतलं. पुढे एका घरात आजींनी ताक दिलं आणि हसून म्हणाल्या, "खालची वाट गुरांची हाय. लई जण चुकत्यात."

मुक्कामाला तोरण्यावर मेंगाई देवीच्या देवळात टेकलो, तेव्हा त्याचा प्रश्न पुन्हा आठवला. बाबा गेल्यापासून आठ महिने माझी जपमाळ बंद होती. रोज वाटायचं, आता कोणत्या तोंडाने बसू? आधी मन थाऱ्यावर येऊ दे, बुडालेले दिवस भरून काढू, मग बघू. म्हणजे इथेही मी गुरांच्या वाटेवर पुढे पुढेच चाललो होतो.

वाट चुकली तर शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत परत यायचं असतं. राजगडाच्या पायथ्यापासून पुन्हा सुरुवात करायला कुणी सांगत नाही. आपण ऑफिसात तेच करतो ना? रिलीज बिघडला की शेवटच्या चालणाऱ्या व्हर्जनवर जातो. श्लोकातही भटकलेल्या मनाला शिक्षा सांगितलेली नाही. परत आणा, इतकंच. पुढे ३४व्या श्लोकात अर्जुन म्हणतो, मन आवरणं म्हणजे वारा अडवण्याइतकं अवघड. ३५व्यात श्रीकृष्ण ते मान्य करतात, आणि उपाय म्हणून अभ्यास व वैराग्य सांगतात. मला त्या अभ्यासाचा अर्थ आता असा लागतो: चुकलो की परत येणं, आणि हे कितीही वेळा.

माझा शेवटचा बाण होता रात्री झोपण्याआधी बाबांच्या शेजारी बसून केलेली एक माळ. त्या रात्री देवळात तेवढी एकच केली. डोळे भरून आले, पण केली. चौथ्या दिवशी कामाच्या गडबडीत पुन्हा चुकली. पाचव्या दिवशी पुन्हा बसलो.

आजचा प्रयत्न: तुमची कोणती साधना सुटली आहे? बुडालेले दिवस मोजू नका. शेवटचा बाण आठवा आणि आज तिथूनच एक पाऊल टाका.

हे माऊली, चुकल्याची लाज आम्हाला परतीच्या वाटेवर अडवू नये, एवढंच मागणं.

राम कृष्ण हरी 🙏