जुन्या खेळाचे पुनर्वाचन

जुन्या कलाकृतीकडे पुन्हा वळताना आपण नेमके काय तपासतो? कादंबरीच्या बाबतीत नेहमी विचारला जाणारा हा प्रश्न 'हेलो' या व्हिडिओ गेमलाही विचारता येतो.

बंजी या संस्थेने रचलेला हा खेळ मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स यंत्रासाठी २००१ साली आला. खेळणारा त्यात सैनिकाच्या डोळ्यांनी पाहतो व लढतो. २०११ साली त्याची नवी आवृत्ती निघाली. तीत एक बटण दाबले की नवी चित्रे जाऊन जुनी येतात. मूळ खेळ मात्र तोच राहतो.

अभ्यासकाला ही सोय फार उपयोगी आहे. नवी चित्रे रेखीव आहेत. परंतु दलदलीच्या प्रसंगातील धास्ती जुन्या अंधारातच अधिक जाणवते. उलट, ग्रंथालयाच्या प्रकरणातील एकसारख्या दालनांचा कंटाळा नव्या रंगांनीही जात नाही. टिकून राहते ती नियमांची बांधणी. एका वेळी दोनच शस्त्रे बाळगता येतात; संरक्षक कवच थोडा वेळ आडोसा घेतल्यावर आपोआप भरते. त्यामुळे काय ठेवावे, काय टाकावे, पुढे जावे की थांबावे, हे सतत ठरवावे लागते.

आमच्या हिंजवडीतील कंपन्यांत सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की जुनी मागे पडते. कलाकृतीला हा न्याय लावता येत नाही. घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिलाच; "खेळात शिकण्यासारखे काय?" हा घरच्यांचा प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर एवढेच, की रंग आणि रचना वेगळी करून पाहण्याची सवय खेळातूनही लागते, आणि साहित्याच्या अभ्यासात तीच उपयोगी पडते.